न जमलेली मंडळी

१२ एप्रिल २०२० चा रविवार ईस्टरचा होता. इंदूरच्या रेसिडेन्सी भागात १८५८ मध्ये बांधलेले सेंट अ‍ॅन्स चर्च शहराला 'व्हाइट चर्च' या नावानेच माहीत आहे, आणि लाल रंगाच्या सेंट फ्रान्सिस कॅथीड्रलला सगळे 'रेड चर्च' म्हणतात. वर्षातला सगळ्यात मोठा सण, आणि दोन्हीकडे पहाटेची गर्दी नाही. मार्चअखेरपासून शहरात कोविडमुळे संचारबंदी होती आणि मध्य प्रदेशातले सर्वाधिक रुग्ण इंदुरातच सापडत होते. झावळ्यांच्या रविवारी कुणाच्या हातात झावळी दिसली नव्हती. शुभ शुक्रवारची क्रूसाची वाटही लोकांनी घरातल्या घरातच केली होती.

मग ईस्टर झाला कुठे? स्वयंपाकघराच्या ओट्यावर, साखरेच्या डब्याला टेकवून ठेवलेल्या मोबाइलमध्ये. पडद्यावर फादर वेदीपाशी एकटे, समोर रिकामी बाके. त्यांच्या वाक्यांना लोकांनी एका आवाजात उत्तर द्यायचे असते; घरातली चार माणसे ते उत्तर पुटपुटतात आणि स्वतःचाच आवाज ऐकून ओशाळतात. आजी सवयीने गुडघे टेकायला जाते, तेवढ्यात चित्र अडकते आणि पडद्यावर नुसते गोल चक्र फिरत राहते. त्या महिन्यांत हे दृश्य इंदूरपासून वसईपर्यंत आणि वसईपासून व्हॅटिकनपर्यंत ख्रिस्ती घराघरांत दिसत होते.

या दृश्यात एक जुना धार्मिक प्रश्न आहे, आणि मराठीत तो जितका टोकदार होतो तितका क्वचितच दुसऱ्या भाषेत होत असेल. मराठी ख्रिस्ती माणूस 'चर्च' म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे बहुधा इमारत असते. विश्वासी माणसांच्या समाजासाठी त्याचा शब्द वेगळा आहे: मंडळी. घरची मंडळी, गावची मंडळी, पंगतीला बसलेली मंडळी म्हणतात तोच हा शब्द. नव्या करारातला मूळ ग्रीक शब्द 'एक्लेसिया'. त्याचा अर्थ हाक मारून एकत्र बोलावलेली माणसे. म्हणजे जमणे हे मंडळीने करायचे एखादे काम नव्हे, ते तिच्या नावातच आहे. मग जमणेच जेव्हा जिवावर बेतते, तेव्हा मंडळी मंडळी राहते का?

प्रश्न पुस्तकी नव्हता. फेब्रुवारी २०२० मध्ये फ्रान्समधल्या मुलूझ शहरात एका चर्चने आठवडाभराचा प्रार्थनामेळावा भरवला होता आणि सुमारे दोन हजार लोक त्याला आले होते. त्यांनी कुणाचे वाईट चिंतिले नव्हते. उपास केला, गाणी म्हटली, एकमेकांचे हात धरून प्रार्थना केली. त्या हातांमधून साथ फ्रान्सच्या अनेक भागांत पोचली. इब्री लोकांस पत्रात एकत्र जमणे सोडू नका, असा स्पष्ट उपदेश आहे. शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करा, अशी आज्ञाही आहे. त्या वसंतात या दोन वचनांपैकी एक पाळायचे तर दुसरे मोडावे लागेल, असे वाटत होते.

मार्टिन ल्यूथरपुढे १५२७ मध्ये हाच पेच उभा राहिला. विटेनबर्गमध्ये प्लेग आला, विद्यापीठ दुसऱ्या गावी हलले, ल्यूथर मात्र मागे राहिला आणि त्याने स्वतःच्या घरात आजारी माणसांना जागा दिली. प्लेगपासून पळावे की नाही, या ब्रेस्लावच्या धर्मगुरूंच्या प्रश्नावर त्याने सविस्तर पत्र लिहिले. ज्यांच्यावर इतरांची जबाबदारी आहे, म्हणजे पाळक, अधिकारी, वैद्य आणि ज्यांच्यावाचून आजाऱ्याचे अडेल असे शेजारी, त्यांनी जागा सोडू नये, असे तो म्हणतो. पण जिथे आपली गरज नाही तिथे जाऊन उगाच रोग घेऊ नये आणि देऊ नये. घराला धुरी द्यावी, औषध घ्यावे. देवावर भरवसा ठेवून औषध नाकारणे ही त्याला श्रद्धा वाटत नाही, तो देवाची परीक्षा पाहणे समजतो. दूर राहणे आणि जवळ जाणे ही दोन्ही प्रीतीचीच कामे असतात, आणि कुठले कोणाचे, हे नाते आणि जबाबदारी ठरवते, असा त्या पत्राचा रोख आहे.

पन्नास वर्षांनी मिलानमध्ये याच विचाराला रस्त्यावर रूप आले. १५७६ चा प्लेग. आर्चबिशप चार्ल्स बोरोमिओ. गावातले धनिक आणि अधिकारी निघून गेले होते, सगळ्या शहराला घरात कोंडून घेण्याचा हुकूम झाला होता. बोरोमिओने चौकाचौकांत वेदी उभारल्या. धर्मगुरू उघड्यावर मिस्सा करत आणि लोक आपापल्या खिडकीतून, दारातून त्यात भाग घेत. दिवसातून सात वेळा घंटा व्हायची. घंटा झाली की एका खिडकीतून प्रार्थनेची ओळ सुरू व्हायची आणि समोरच्या खिडकीतून पुढची ओळ यायची. सारे शहर असे गल्लीच्या दोन्ही बाजूंनी गात राहायचे. स्वतः बोरोमिओ आजाऱ्यांच्या दारी जात होता. त्याने वाड्यातले पडदे आणि गालिचे उतरवून त्यांचे गरिबांसाठी कपडे शिवून घेतले. पुढे वेदींच्या जागी क्रूस आणि स्तंभ उभे राहिले.

चौकातला क्रूस मुंबईकरांना नवा नाही. वांद्रे, माझगाव, गिरगावातली खोताची वाडी, जुनी गावठाणे, सगळीकडे रस्त्याच्या वळणावर दगडी क्रूस दिसतात, झेंडूचा हार घातलेले, पायाशी मेणाचे ओघळ वाळलेले. त्यांतले बरेच १८९६ नंतरच्या प्लेगच्या काळातले आहेत. त्या वर्षी सप्टेंबरात मांडवी भागात गोव्याहून आलेल्या डॉ. अकासियो व्हिएगस यांनी पहिला रुग्ण ओळखला, आणि पुढच्या काही महिन्यांत लाखो माणसे मुंबई सोडून गेली. मागे राहिलेल्यांनी गल्लीच्या तोंडाशी क्रूस उभारले आणि संध्याकाळी तिथे जपमाळेची प्रार्थना सुरू केली. क्रूस म्हणजे गल्लीपुरते चर्च. त्याला छप्पर नव्हते आणि दारही नव्हते, त्यामुळे जाणारा-येणारा कुठल्याही धर्माचा असो, थांबून हात जोडू शकत होता. आजही जोडतो.

खुद्द इंदूरकडेही अशी एक आठवण आहे, ती ख्रिस्ती नसली तरी प्रश्न तोच. होळकरांच्या राजधानीत प्लेग पुन्हा पुन्हा येत होता. नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांना दरबाराने बोलावले आणि त्यांचा इंदूरवरचा अहवाल १९१८ मध्ये दोन खंडांत छापला गेला. पण त्याआधीच्या दिवाळीत गेडिस यांनी एक वेगळीच मिरवणूक काढली. मिरवणूक कुठल्या रस्त्याने जाणार, हे त्या रस्त्याच्या स्वच्छतेवर ठरणार होते. आपल्या दारावरून मिरवणूक जावी म्हणून माणसांनी गल्ल्या झाडल्या, घरे रंगवली, कचरा गाड्यांनी बाहेर काढला. मिरवणुकीत घाणीचा राक्षस होता, प्लेगचा प्रचंड उंदीर होता, आणि शेवटी दोघांचे दहन झाले. सण तोच, पण जमण्याआधी शेजारपाजारासाठी काहीतरी करून यायचे, ही अट नवी.

या उदाहरणांत एक धागा आहे. मराठीत 'जमणे' आणि 'भेटणे' ही दोन वेगळी क्रियापदे आहेत. हजार माणसे जमतात आणि कुणी कुणाला भेटत नाही, असे होऊ शकते. दर रविवारी ते होतही असते. आणि एक माणूस एका दारी गेला तरी भेट होते. दोघे-तिघे माझ्या नावाने एकत्र आले तरी मी त्यांच्यात असेन, असे येशूचे आश्वासन आहे. त्यात बाके भरण्याची अट नाही. महासाथीने जमणे काढून घेतले, तेव्हा प्रत्येक मंडळीला कळले की आपल्याकडे भेटणे किती होते. मंडळी काही काळ जमल्यावाचून जगू शकते, भेटल्यावाचून नाही.

भेटणे म्हणजे काय, याचा महाराष्ट्रातला लखलखीत दाखला पंडिता रमाबाईंचा आहे. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. रमाबाईंनी स्वतः किशोरवयात दुष्काळात आई-वडिलांना गमावले होते. पोटात अन्न नसताना पायी भटकण्याचा अर्थ त्यांना कुणी समजावून सांगायला नको होता. त्या तिकडे गेल्या आणि उपाशी, अनाथ, विधवा मुलींना घेऊन आल्या. पण पुण्यात प्लेग शिरला होता आणि शहरातल्या त्यांच्या संस्थेत आणखी माणसे ठेवायला सरकारी मनाई झाली. आजच्या भाषेत सांगायचे तर गर्दीवर बंदी. मुलींना परत पाठवणे शक्य नव्हते. रमाबाईंनी त्यांना केडगावच्या आपल्या शेतजमिनीवर नेले आणि तंबूत, झोपड्यांत बिऱ्हाड मांडले. मुक्ती मिशनची वस्ती त्या माळावर अशी उभी राहिली.

याच रमाबाईंनी पुण्यातल्या प्लेगच्या इस्पितळात बायकांची होणारी आबाळ वर्तमानपत्रात जाहीर पत्र लिहून मांडली आणि मुंबईच्या गव्हर्नरापर्यंत खळबळ उडवली. साथीचे नियम पाळायचे आणि त्या नियमांखाली माणूस चिरडला जात असेल तर गप्पही बसायचे नाही, ही दोन्ही कामे त्यांनी एकाच वर्षात केली. त्याच साथीत १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले यांचा मृत्यू झाला. मुंढव्याच्या प्लेगग्रस्त मुलाला त्यांनी स्वतः उचलून दवाखान्यात आणले होते. एक ख्रिस्ती, दुसरी सत्यशोधक. आजाऱ्याजवळ जाण्याची हाक दोघींनी ऐकली होती.

इंदूरमध्ये या सेवेचा इतिहास जुना आहे. कॅनडातल्या प्रेस्बिटेरियन मिशनची माणसे १८७७ मध्ये आली. १८८७ मध्ये जॉन विल्की यांनी सुरू केलेले इंदूर ख्रिश्चन कॉलेज त्यांचेच. त्याच मिशनच्या महिला डॉक्टरांनी, ज्या काळात घरंदाज बाई पुरुष डॉक्टरला नाडी दाखवत नव्हती त्या काळात, इथल्या बायकांसाठी दवाखाना उघडला. पुढे १९३२ मध्ये कॅथलिकांच्या एस.व्ही.डी. संघाचे धर्मगुरू आले.

आणि १९५१ च्या सप्टेंबरात हिंदी लेखक कन्हैयालाल मिश्र 'प्रभाकर' इंदूरला आले. ज्यांच्याकडे ते पाहुणे म्हणून उतरले होते त्या बाई अचानक आजारी पडल्या, आणि त्यांच्या सेवेसाठी लेखकाचा मुक्काम रॉबर्ट नर्सिंग होममध्ये पडला. तिथे पाहिलेल्यावर त्यांनी लिहिलेले रिपोर्ताज हिंदी शाळांतून पिढ्यान्‌पिढ्या शिकवले गेले. प्रौढ वयाच्या मदर टेरेसा (कोलकात्याच्या नव्हेत) खोलीत येतात, आजारी बाईंचे सुकलेले गाल दोन्ही हातांनी थोपटतात, आणि बाईंच्या ओठांवर हसू उमटते. औषध अजून दिलेलेच नसते. या मदर फ्रान्सच्या आणि त्यांच्याबरोबर काम करणारी तरुण सिस्टर क्रिस्ट हेल्ड जर्मनीची. जर्मन फौजांनी फ्रान्स तुडवल्याला तेव्हा जेमतेम अकरा वर्षे झाली होती. इथे दोघी एकाच रुग्णाच्या उशापायथ्याशी उभ्या होत्या. लेखकाला चटका लागला तो याचा.

गाल थोपटण्याची ही गोष्ट २०२० मध्ये वाचताना घशात आवंढा येतो, कारण तेच तर करता येत नव्हते. पीपीईच्या आत डोळेसुद्धा धड दिसत नव्हते. मार्च २०२० मध्ये देशातल्या ख्रिस्ती आरोग्यसंस्थांच्या महासंघाने आपली हजाराहून अधिक रुग्णालये आणि त्यांतल्या साठ हजार खाटा सरकारला देऊ केल्या. त्यातली कितीतरी रुग्णालये आदिवासी तालुक्यांतली आहेत, जिथे पुढचा दवाखाना तास-दोन तासांच्या वाटेवर असतो. मिशनरी रुग्णालयातली परिचारिका बहुधा सिस्टर असते किंवा सिस्टरच्या हाताखाली शिकलेली असते, आणि तिला घरून काम करता येत नाही.

मे महिन्यात इंदूरच्या दारातून आणखी एक मंडळी गेली. मुंबई, ठाणे, नाशिककडून निघालेले मजूर आग्रा-मुंबई रस्त्याने धुळे, सेंधवा ओलांडून इंदूरच्या बायपासवर येत आणि उत्तर प्रदेशाकडे निघून जात. कुणी पायी, कुणी सायकलवर, कुणी मुंबईची काळी-पिवळी रिक्षा हाकत हजार-बाराशे किलोमीटरच्या वाटेवर. बायपासवर शहरातल्या माणसांनी पोळी-भाजीची पाकिटे, पाणी, ताक ठेवले, आणि पायांकडे पाहिल्यावर चपलाही आणल्या. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या २५ व्या अध्यायात न्यायाच्या दिवशी विचारल्या जाणाऱ्या गोष्टींची यादी आहे. उपाशी, तहानलेला, परका, उघडा, आजारी, कैदी. त्या यादीत प्रार्थनेच्या हजेरीचा उल्लेख नाही. हे मजूर कुणाच्याच मंडळीत मोडत नव्हते. ज्या शहरांत राबले तिथे ते परके होते आणि गावी पोचल्यावर रोग घेऊन आलेले ठरणार होते. त्यांना पाणी देणाऱ्याने ते कुठल्या देवाच्या नावाने दिले, हे त्यांनी विचारले नाही.

इथे ओळख कामी येते. आधी भेटलेल्या माणसापर्यंतच संकटात पोचता येते. इंदुरात एस.व्ही.डी. धर्मगुरूंची जनविकास सोसायटी वर्षानुवर्षे कचरावेचक कुटुंबांत काम करते. सलग अनेक वर्षे देशातले सर्वांत स्वच्छ ठरलेल्या शहराच्या कडेला हाताने भंगार वेगळे करणारी ही माणसे, आणि टाळेबंदीत भंगाराचे दुकान बंद म्हणजे त्या रात्रीची चूल बंद. अशा वस्तीत कुणाच्या घरी तान्हे मूल आहे, कुणाकडे रेशनकार्ड नाही, हे आधीपासून माहीत असावे लागते. साथ आल्यावर ते शोधायला वेळ नसतो.

भेटीचे काम फोनने बरेच निभावले, हे मान्य करायला हवे. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांना पाळकांचे रोजचे फोन आले. अमेरिकेतला मुलगा आणि इंदुरातली आई एकाच प्रार्थनेत बसली, जे एरवी वर्षानुवर्षे घडले नसते. अंथरुणाला खिळलेल्यांना तर चर्च पहिल्यांदाच घरी आल्यासारखे वाटले. पण पडद्याला एक हद्द होती. आवाज पोचत होता, भाकरी पोचत नव्हती. कॅथलिक शिकवणीत ख्रिस्तशरीर पडद्यावरून देता येत नाही. म्हणून लोकांना 'आत्मिक कम्युनियन'ची, म्हणजे मनोमन स्वीकारण्याची प्रार्थना सांगितली गेली. ज्या धर्माचा गाभाच देव देहात आला हा आहे, त्या धर्माला देहावाचून चालवणे किती अवघड, हे त्या भुकेने दाखवले. २७ मार्च २०२० च्या पावसाळी संध्याकाळी पोप फ्रान्सिस सेंट पीटरच्या रिकाम्या चौकात एकटे चालत गेले, तेव्हा १५२२ च्या प्लेगमध्ये रोमच्या रस्त्यांतून फिरवलेला लाकडी क्रूस त्यांनी तिथे मुद्दाम आणवला होता. लाकूड पावसात भिजत होते. पडद्यापलीकडे बसलेल्या कोट्यवधींनाही काहीतरी खरे, जुने, स्पर्श झालेले दिसायला हवे होते.

देहाचा प्रश्न सर्वांत कठोर झाला तो दफनाच्या वेळी. ३० मार्चला मुंबई महापालिकेने कोविडने गेलेल्या सर्वांचे दहन करावे असे परिपत्रक काढले आणि त्याच दिवशी ते बदलले. वांद्र्यातल्या काही रहिवाशांनी जवळच्या कब्रस्तानातल्या दफनाला हरकत घेतली. २२ मे २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ती फेटाळली आणि सन्मानाने अंत्यसंस्कार हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. चेन्नईत १९ एप्रिलच्या रात्री न्यूरोसर्जन डॉ. सायमन हर्क्युलिस यांचा देह नेणाऱ्या रुग्णवाहिकेवर जमावाने हल्ला केला. अखेर त्यांच्या सहकारी डॉक्टरने स्वतः फावडे हातात घेऊन खड्डा बुजवला. मूठभर माती टाकायला जी मंडळी यायची, ती सगळी त्या एका माणसात मावली.

केरळातल्या आलप्पुळा धर्मप्रांतात वेगळी अडचण आली. समुद्रकाठची जमीन, थोडे खणले की पाणी, आणि नियमाप्रमाणे खोल खड्डा तर हवा. जुलै २०२० मध्ये तिथल्या बिशपांनी चर्चच्या दफनभूमीतच दहन करून रक्षा पुरायची असे ठरवले. रोमने १९६३ मध्येच दहनाला मुभा दिली होती, पण गावच्या मनाने ती स्वीकारली नव्हती. चर्चच्या आवारात पहिल्यांदा चिता पेटली. पुनरुत्थानावरची श्रद्धा राखेलाही पुरते, हे धर्मशास्त्रात लिहिलेले होते. त्या दिवशी ते कुटुंबांनी उभे राहून पाहिले.

मध्य प्रदेशात चर्च हळूहळू उघडली. महाराष्ट्रात प्रार्थनास्थळे उघडायला १६ नोव्हेंबर २०२०, म्हणजे दिवाळीचा पाडवा उजाडला. एक बाक सोडून एक, मधल्या बाकावर चिकटपट्टीची फुली, दाराशी सॅनिटायझर, आणि कम्युनियन तळहातावर. लोक खुणेने हसत होते. मग एप्रिल २०२१ आला.

दुसऱ्या लाटेत देशभर धर्मगुरू आणि सिस्टर मोठ्या संख्येने गेले. आजाऱ्यांना तेल लावायला, अंत्यविधी करायला आणि रुग्णालयाच्या पाळीवर हजर राहायला त्यांना जावेच लागत होते. इंदूरच्या रुग्णालयांत तेव्हा ऑक्सिजनसाठी धावाधाव होती, इंजेक्शनसाठी रात्ररात्र रांगा होत्या. झाबुआचे बिशप बेसिल भुरिया यांना कोविड झाला तेव्हा त्यांना इंदूरलाच आणले. ते स्वतः भिल्ल समाजातले, २०१६ पासून झाबुआ धर्मप्रांताचे बिशप. ६ मे २०२१ रोजी त्यांनी इंदुरात प्राण सोडला. वय ६५.

एरवी बिशपाच्या अंत्ययात्रेला पाडापाड्यावरून माणसे येतात. मांदल वाजतो, बायका रडत रडत गातात, मुलांना उचलून चेहरा दाखवला जातो. त्या आठवड्यात झाबुआच्या टेकड्यांवरची घरे आतूनच बंद होती, कित्येक घरांत ताप होता. बातमी फोनवरून एका पाड्यातून दुसऱ्या पाड्यात गेली आणि ज्या घरी पोचली, तिथे त्या घरच्या मंडळीने मेणबत्ती लावली.